पुढच्या सीटवरची काकू

काकूच्या तोंडाला कुलूप नाही, असं सगळे म्हणत. गॅरेजमधला मिस्त्री तर तोंडावर सांगायचा, "उस्ताद, गाडीचा भोंगा बिघडला तर बिघडू दे. शेजारी बसलाय की एक, चांगला मोठा." उस्ताद हसायचा नाही, चिडायचाही नाही. गाडीखाली सांडलेलं काळं तेल बुटानं मातीत दाबत उभा राहायचा. काकू मात्र परतफेड केल्याशिवाय हलायची नाही. "माझा आवाज तुला ऐकू येतो यातच समाधान मान. तुझ्या बायकोनं तुझ्याशी बोलणं सोडलं त्याला किती वर्षं झाली?"

मिस्त्री हसायचा. पण त्या आवाजावरच ती गाडी चार वर्षं चालत होती, हे त्या मिस्त्रीलाही कधी कळलं नाही. इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारा माणूस तो.

उस्ताद म्हणजे काकूचा नवरा. तळ्यांच्या मुलखात आणि पलीकडच्या दरीत शहरातली माणसं फिरवून आणणारी एक गाडी होती, तिचा तो ड्रायव्हर. टपावर तंबू, दांडे, खुंट्या आणि पाण्याचे कॅन. मागच्या बाजूला शेगडी, पातेली, गुंडाळलेल्या गाद्या. मधे एक कुटुंब मावेल एवढ्या सीटा. पहिला मुक्काम लव्हाळ्याच्या तळ्यावर, दुसरा मोठ्या तळ्यावर, तिसरा पठारावरच्या तळ्यावर, आणि तिथून दरीची वाट उतरून घरी. उस्ताद गाडी चालवायचा आणि तंबू ठोकायचा, काकू स्वयंपाक करायची. गाडी मालकाची होती, पण मालक स्वतःच कुणाला सांगताना 'उस्तादची गाडी' असं सांगायचा.

लग्न झालं तेव्हा उस्ताद अबोल होता, पुढंही अबोलच राहिला. मूल झालं नाही. घरात दोघंच. काकू बोलायची आणि उस्ताद "हं" म्हणायचा. बोलणं लांबलं की म्हणायचा, "तोंड आवर जरा." मारणं नाही, पिणं नाही, बाहेरचा नाद नाही, तक्रार करायची तर कशाची करायची? विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसा तो संसार होता. फेरीवर गेल्यावरही ती मागं पातेल्यांपाशी बसायची. पुढची सीट रिकामी असायची. तिच्यावर उस्तादचा डबा आणि घाम पुसायचा टॉवेल.

मग एका थंडीत उस्ताद तिच्याकडं मान तिरकी करून बघायला लागला, कोंबडी बघते तसा.

"असं काय बघताय? मी इथं समोर आहे."

"तुलाच बघतोय."

"मी काय भिंतीवर चढलेय? सरळ बघा की."

पुढच्या आठवड्यात त्यानं चहा कपाच्या शेजारी ओतला. नंतर एकदा रस्त्याकडेचा मैलाचा दगड उडवून आला आणि म्हणाला, दगडच पुढं सरकला होता. काकू हसली. हसता हसता थांबली.

ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या गावी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडं घेऊन गेली. बाईंनी समजावून सांगितलं. मधली नजर चालली आहे, कडेची राहील. ज्याच्याकडं बघाल तिथं डाग दिसेल, जिकडं बघणार नाही तिकडचं दिसेल. गेलेलं परत येणार नाही.

"गाडी वगैरे चालवता का?" बाईंनी विचारलं.

"नाही," उस्ताद म्हणाला.

काकू शेजारच्या स्टुलावर बसलेली होती. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

परतताना तो म्हणाला, "एक-दोन फेऱ्या करतो, मग सोडतो." ती म्हणाली, "बरं." पुढच्या फेरीला तिनं पुढच्या सीटवरचा डबा आणि टॉवेल उचलला, मांडीवर घेतला आणि तिथं बसली. कुणी काही ठरवलं नव्हतं. गावाबाहेर पडल्यावर समोरून ट्रक आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, त्या ट्रकला जागा द्या, तो काय तुमचा जावई आहे रुसून थांबायला?" उस्तादनं गाडी कडेला घेतली. मागची माणसं खो-खो हसली. दोघांनाही वाट सापडली.

तेव्हापासून तिनं भांडणाचा सूर धरला. मागच्यांना बायको टोचून बोलतेय असं वाटायचं, आणि पुढच्याला रस्ता दिसायचा. "डावीकडचा खड्डा तुमच्या मेव्हण्यानं खणलाय वाटतं, त्यातच घालताय ते." "तो सायकलवाला बघा, म्हातारा, मधोमध चाललाय, रस्ता त्याच्या आजोबांचा आहे." "कुत्रं उठेल, उठेल म्हणून बघतेय, उठत नाही. तुमच्यासारखंच आहे, थांबा आता." पुरुष म्हणत, काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. बायका एकमेकींकडं बघून नाक मुरडत. वळणं, चढ, पूल, उतार हे उस्तादच्या अंगात मुरलेलं होतं. जे जागचं हलत नाही ते त्याला पाठ होतं. जे हलतं ते काकू सांगायची.

तळं जवळ आलं की तो हळूच विचारायचा, "पाणी कसं आहे?"

"हिरवं. कडेला मातकट. मधे एका ढगाची सावली पडलीय, रुमालाएवढी."

मग तो गाडी थांबवायचा, मान मागं वळवून सांगायचा, "बघा, आज पाणी हिरवं आहे. मधे ढगाची सावली बघा." माणसं बघायची, आणि म्हणायची, नजर असावी तर अशी.

हे पाप आहे हे काकूला कळत होतं. मागं पोरंबाळं असायची. फेरी सुखरूप संपली की ती घरी येऊन कोरड्या डोळ्यांनी छताकडं बघत पडायची आणि म्हणायची, आता पुरे, आता सांगायचं. पण सांगायची नाही. उस्ताद गाडी सोडणार नव्हता, गाडी सोडली तर तो उरणार नव्हता, हे एक कारण झालं. दुसरं कारण तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. जो माणूस जन्मभर तोंड आवर म्हणत आला, तो आता ती श्वास घ्यायला थांबली तरी म्हणायचा, "थांबलीस का? बोल." एवढ्या एका शब्दासाठी ती भुकेली होती. तिच्या संसारातला तोच काय तो सुखाचा काळ, आणि तो दुसऱ्यांच्या जिवावर चालला होता.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक कुटुंब आलं. बँकेत काम करणारा एक सडपातळ माणूस, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीला घरात चिमणी म्हणत. बँकवाला मोजकं बोलणारा, त्याची बायको त्याहून मोजकं. आजी मात्र पहिल्याच दिवशी काकूला म्हणाली, "माझी सून तोंड उघडत नाही आणि तुमचं मिटत नाही. दोघींना एकत्र करून दोन भाग केले असते तर मला एक बरी सून मिळाली असती."

"आणि मला एक बरी सासू," काकू म्हणाली. आजीला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

लव्हाळ्याच्या तळ्यावर थंडी होती. पहाटे पाण्यातून वाफ उठत होती आणि बगळे त्या वाफेत पाय बुडवून उभे होते. मोठ्या तळ्यावर वारा सुटला, तंबूचं कापड रात्रभर फडफडलं, आणि सकाळी पलीकडच्या डोंगराची सावली पाण्यावर अशी पडली की डोंगर कुठला आणि सावली कुठली ते कळेना. चिमणी हे सगळं बघत नव्हती. तिला काकूचं वेड लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ती हट्टानं पुढं येऊन काकूच्या मांडीवर बसली, आणि काकू बोलते तसं बोलायला लागली.

"काका, दगड आला! काका, झाड आलं, त्याला जागा द्या!"

"अगं, झाड कुठून येतं," काकू म्हणाली. "जा, आजीजवळ जाऊन बस."

"राहू दे तिला," उस्ताद म्हणाला. त्याला पोरांची हौस होती, आणि ती बोलून दाखवायची त्याची रीत एवढीच.

पठारावर रस्ता सरळ होता, आखून घेतल्यासारखा. दोन्हीकडं वाळलेलं गवत, वर निळं कोरडं आभाळ, समोर नजर पोचेल तिथवर काही नाही. इथं सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून काकू नेहमी इथं घोटभर पाणी प्यायची. तिनं बाटली उघडली, तोंडाला लावली.

"काका, मेंढ्या!" चिमणी ओरडली. "खूप मेंढ्या!"

उस्तादनं सगळं अंग ब्रेकवर टाकलं. मागची पातेली सीटांखालून धडधडत पुढं आली. गाडी तिरकी झाली, एक चाक रस्त्याखाली उतरलं आणि धुळीत थांबली. काकूनं एका हातानं पोरीला छातीशी आवळलं होतं, दुसऱ्या हातातलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं होतं. आजीचं कपाळ समोरच्या सीटच्या दांड्यावर आपटलं.

धूळ खाली बसली. रस्ता मोकळा होता.

"फसवलं!" चिमणी टाळ्या वाजवत म्हणाली.

उस्तादचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. तो समोर बघत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "गेल्या का?"

"कुठल्या मेंढ्या आणि कुठलं काय," काकू घाईघाईनं म्हणाली. "पोरीनं चेष्टा केली, आणि तुम्हीही लहान पोरांत लहान झालात. चला, आजींना लागलंय, पाणी द्या."

आजी म्हणाली, काही नाही, टेंगूळ तर आहे. सुनेनं मुलीच्या पाठीत धपाटा घातला. मुलगी रडली. पुष्कळ बोलणं झालं, पण बँकवाला त्यात नव्हता. तो खिडकीतून रस्त्याकडं बघत होता.

गाडी पठारावरच्या तळ्याला पोचली. उस्तादनं तंबू ठोकले. ते तो हातांनीच करायचा, बघून नाही. दोरी ओढून बोटानं टिचकी मारायचा आणि आवाजावरून ताण ओळखायचा. बँकवाला थोडा वेळ उभा राहून ते बघत होता. मग तो पाण्याकडं गेला. काकू काठावर उकिडवी बसून पातेलं घासत होती.

"काकू, काकांना किती दिसतं?"

"तुम्हाला-मला दिसतं तेवढंच."

"ते म्हणाले, गेल्या का."

"चेष्टेत म्हणाले."

"आईच्या कपाळाला टेंगूळ आलंय," तो म्हणाला. "ते चेष्टेत आलेलं नाही."

ओरडणाऱ्या माणसाला कसं गुंडाळायचं ते काकूला ठाऊक होतं. हा माणूस ओरडत नव्हता. पँट घोट्यापर्यंत ओली होतेय, हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"उद्या दरीची वाट आहे ना?"

"आहे."

"कठडा आहे तिला?"

"मधे मधे आहे."

पलीकडं चिमणी फ्रॉकच्या ओच्यात खडे गोळा करत होती. ओचा भरला की सगळे पाण्यात ओतायची आणि पुन्हा वेचायची. काकूनं पातेलं विसळलं, पालथं घातलं. आता हातात काहीच उरलं नाही.

"कडेचं दिसतं त्यांना," ती म्हणाली. "मधलं नाही."

बँकवाला वाळूत खाली बसला. "आणि तुम्ही सांगता ते सगळं... ते भांडण..."

"हो."

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील."

"मी काल बायकोला म्हणालो, असं जोडपं बघितलं नाही," तो म्हणाला. मग उठला. "उद्या गाडी मी चालवतो. कधी एवढी मोठी चालवली नाही, पण हळूहळू नेईन. काकांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते. तुमच्यासमोर नको."

ऊन उतरलं होतं. तळ्याचं पाणी तांब्यासारखं झालं होतं. उस्ताद शेवटच्या तंबूची खुंटी ठोकत होता, त्याच्यापाशी ती जाऊन उभी राहिली.

"त्याला कळलं," ती म्हणाली.

"हं."

"उद्या तो चालवणार आहे."

उस्तादनं हातोडी खाली ठेवली, जिथं ठेवली ती जागा चाचपून घेतली. "दरी मी उतरवणार," तो म्हणाला. "ही शेवटची. खाली पोचलो की किल्ली मीच मालकाच्या हातात देतो. तुझी शपथ."

इतक्या वर्षांत त्यानं तिची शपथ कधी घेतली नव्हती.

"तू आहेस ना शेजारी," तो म्हणाला. "तू बोल, मी उतरवतो. आजवर कुणाचं नख तरी दुखलं का?"

"आज आजींचं कपाळ दुखलं."

"त्या पोरीमुळं."

"पोरीमुळं नाही हो. तिथं मेंढ्या नव्हत्या."

त्यानं दोरीला टिचकी मारली, कान देऊन ऐकली, आणि म्हणाला, "सकाळी लवकर निघू. उन्हाच्या आत." जणू बाकीचं सगळं ठरलेलंच होतं.

सकाळी धुकं होतं. तंबू गुंडाळून टपावर चढवले गेले. बँकवाल्यानं बायको, आई आणि मुलगी यांना गाडीपासून लांब, एका खडकाजवळ उभं केलं होतं. तो स्वतः गाडीकडं यायला निघाला, तेवढ्यात उस्ताद ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसला. किल्ली लावलेलीच असायची. इंजिन सुरू झालं. बँकवाला अर्ध्या वाटेत थांबला आणि काकूकडं बघायला लागला.

काकू मागच्या दारानं चढली, आणि पातेल्यांपाशी, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

"पुढं ये," उस्ताद म्हणाला.

ती हलली नाही.

"बरं, तिथून बोल."

तिनं पदर तोंडात धरला होता. इंजिनाची थरथर पातेल्यांत उतरली होती आणि एकावर एक ठेवलेली झाकणं बारीक किणकिणत होती. उस्तादनं गियर टाकला. गाडी हातभर पुढं सरकली. त्यानं ब्रेक दाबला.

"समोर काय आहे?"

समोर काहीही नव्हतं. धुकं विरलं होतं. दव पडलेलं सपाट गवत होतं, आणि त्यातून रस्त्यापर्यंत गेलेल्या चाकांच्या दोन जुन्या खुणा. ती माणसंही बाजूला होती. 'मोकळं आहे' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी त्यानं गाडी काढली असती, आणि चांगली काढली असती.

"सांग," तो म्हणाला. मान तिरकी करून त्यानं काचेतून बघायचा प्रयत्न केला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. गाडी पुन्हा थोडी सरकली, पुन्हा थांबली. "अगं बोल. बोल ना."

ती बोलली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी इंजिन बंद झालं. त्या शांततेत पाण्याकाठचा एक पक्षी ओरडला. उस्ताद खाली उतरला, पत्र्यावर हात ठेवून गाडीला वळसा घालून मागं आला, आणि तिच्या अंगाला अंग लागणार नाही असा, गाद्यांच्या वळकट्यांशेजारी, कोपऱ्यात बसला.

बँकवाल्यानं गाडी चालवली. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. थोडं पुढं गेल्यावर त्यानं मागं न बघताच हाक मारली, "काकू, पुढं येऊन बसाल का? मला वाट माहीत नाही." दुसरा इलाज नव्हता. ती पुढं जाऊन बसली. "इथं हळू." "हे वळण वाटतं त्यापेक्षा लांब आहे." "पुढं कठडा नाही." एवढंच बोलायची, त्यात भांडण नाही, मेव्हणा नाही, जावई नाही. मागच्या कोपऱ्यात उस्ताद ते ऐकत होता. तिच्या जिभेवरची ती वाट त्याची होती. ती आता दुसऱ्याला देत होती.

दरीच्या माथ्यावर गाडी थांबली. तिथं सगळ्याच गाड्या थांबतात. जमीन एकाएकी संपते आणि खाली, खूप खाली, नदी सुतळीसारखी दिसते. कडे तांबडे, त्यांच्यात पिवळे पट्टे, आणि सकाळचं ऊन एका कड्यावरून उतरत दुसऱ्यावर चढत असतं. आजीनं हात जोडले. सून प्रथमच आपणहून बोलली, "किती मोठं आहे."

चिमणी गाडीपाशी परत आली. "काका, तुम्ही नाही येत बघायला?"

"मी बघितलीय," उस्ताद म्हणाला.

दर फेरीला इथं तो काकूला विचारायचा, आज कशी आहे. ती कड्याशी उभी होती. खालून वारा वर येत होता. आज नदीला मधेच एक पांढरी रेघ होती, पाणी कुठंतरी दगडावर फुटत असावं. त्या रेघेसाठी शब्द तिच्या ओठांवर आले. ते तिनं तिथंच गिळले आणि गाडीकडं वळली.

संध्याकाळी गाडी मालकाच्या वाड्यासमोरच्या मोकळ्या अंगणात लागली. मालक कचेरीच्या पायरीवर आला. ड्रायव्हरच्या सीटवरून बँकवाला उतरलेला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काकांना बरं नव्हतं," बँकवाला म्हणाला. "पोटाचं काहीतरी. म्हणून मी चालवली." आणि त्यानं काकूकडं एकदाच बघितलं. माणूस भला होता. आपल्या परीनं त्यानं झाकलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं नजरेनंच सांगितलं. किल्ली मालकाच्या हातात देऊन, सामान उतरवून, मुलीला कडेवर घेऊन ते लोक निघून गेले.

"असं होय," मालक म्हणाला. "मला वाटलं काय झालं. उस्ताद, घरी जा, आराम कर. परवा एक जोडपं आहे, त्यांची दोन मुलं. जमेल ना?" त्यानं किल्ली पुढं केली.

उस्तादचा हात पुढं आला, किल्लीच्या वीतभर बाजूला. मालकाचं लक्ष नव्हतं; त्यानं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. मूठ मिटली.

काकू थांबली. कालची शपथ तिच्या कानात होती. मीच देतो, असं तो म्हणाला होता. तिनं त्याला पुरेसा वेळ दिला.

"परवा किती वाजता?" उस्तादनं विचारलं.

"मालक," काकू म्हणाली, "त्यांना दिसत नाही."

मालक हसला. "काकू, तुमचं आपलं काहीतरी. दमलात, घरी जा."

"चार वर्षं झाली. मी सांगते आणि ते चालवतात. पोटाचं काही नाही त्यांना. दोन मुलं आहेत म्हणता ना त्या जोडप्याची? देऊ नका ती किल्ली."

मालकाचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. तो उस्तादच्या तोंडाकडं बघत होता, उस्ताद नाही म्हणेल म्हणून. अंगणात पाण्याचा नळ ठिबकत होता. उस्तादनं डाव्या हातानं पायरीच्या शेजारचा कट्टा चाचपला, आणि किल्ली त्यावर ठेवली.

"खरं बोलतेय ती," तो म्हणाला, आणि फाटकाकडं चालायला लागला. कडेचं दिसत होतं, म्हणून फाटकाच्या दोन खांबांमधून तो नीट बाहेर पडला. काकू चार पावलं मागं होती. रस्त्यावर गटारावरची फरशी उचललेली होती. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो मागं न बघता म्हणाला, "तू नको." त्याचा पाय फटीत गेला. तो गुडघ्यावर पडला, उठला, आणि लंगडत पुढं चालायला लागला.

गाडीला दुसरा ड्रायव्हर आला. मालकानं काकूला अंगणात तंबू शिवायचं, ठिगळं लावायचं काम दिलं. जाड सुई, मेणाचा दोरा आणि दिवसभर मान खाली. उस्ताद घरी बसला. उरलेली कडही हळूहळू गेली. तो मिस्त्रीच्या हाताला धरून चहाच्या टपरीवर जायचा, न्हाव्याच्या हाताला धरून परत यायचा. शेजारच्या दुकानदाराच्या हाताला धरून देवळासमोरच्या पारावर बसायचा. माणसं त्याला आनंदानं हात द्यायची, उस्ताद होता तो. सगळ्यांचा हात त्यानं धरला, एक तिचा सोडून. ती बोलायला लागली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा, म्हणून तिनं घरात बोलणं टाकून दिलं. ताट वाढायची, वाटी ताटावर वाजवायची, म्हणजे त्याला कळायचं.

शिवताना शेजारी बसणाऱ्या बाईला काकूनं शपथेचं सांगितलं होतं. ती एकदा म्हणाली, "तेवढी ती शेवटची फेरी पुरी करू दिली असतीस तर काय झालं असतं गं? तुझी शपथ घेतली होती ना त्यानं."

"काही झालं नसतं बहुतेक," काकू म्हणाली. "मग त्याच्या पुढची केली असती."

बाईला ते पटलं नाही. काकूनं दात लावून दोरा तोडला आणि तंबूची पुढची शिवण हातात घेतली.

एका संध्याकाळी मिस्त्री उस्तादला दारापर्यंत सोडायला आला. काकू उंबऱ्यात उभी होती. मिस्त्रीला घाई होती, आणि मनातून त्याला वाटत होतं की हे कुणीतरी एकदा जुळवून द्यायला हवं. तो म्हणाला, "उस्ताद, काकू इथंच आहे, समोर. धरा तिचा हात, मी निघतो." आणि खरंच निघाला.

उस्ताद दारासमोर उभा राहिला. काकूनं हात पुढं केला होता. तो त्याला दिसला नाही, पण तिथं आहे हे कळत असावं, कारण तो त्या बाजूला अजिबात वळला नाही. उलट्या बाजूला दोन पावलं सरकला, भिंत लागेपर्यंत हवेत बोटं फिरवत राहिला, आणि भिंत लागल्यावर तिला धरून आत गेला.